शेवटच्या होडीतला चौथा

बेट पाहायचं म्हणजे आधी पाणी ओलांडायचं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात सहलीला नाव नोंदवून झाल्यावर शिरली. परतूरसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला बेट म्हटलं की भूगोलाचं पुस्तक आठवतं, होडी नाही. आणि मला तर पाण्याची भीती आहे. लहानपणी मामाच्या विहिरीत पोहायला शिकवताना कमरेचा डबा सुटला आणि मी खाली गेले. वर आणलं लगेच, पण तेव्हापासून बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी दिसलं की मी चार पावलं मागं सरते. वयाची बावन्न वर्षं झाली, शाळेत मुलांना गणित शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण ते मागं सरणं काही सुटलं नाही.

जाऊन येऊन पंधरा दिवस झालेत. ओळखीपाळखीचे विचारतात, कसं आहे बेट, जावं का? जावं. जरूर जावं. पण मी जे सांगते आहे ते वाचून जावं. धरणाचं आणि बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नावाडी पोटासाठी राबणारा माणूस आहे आणि झाली ती चूक त्याच्या एकट्याची नव्हती. सगळ्यात मोठी चूक माझीच होती.

परतूर, सकाळी

जायचं होतं ते माझ्या सासूबाईंना. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर धरणात गेलं. त्यांचं लग्न होऊन त्या इकडं आल्या, मागोमाग धरण झालं, गाव उठलं, भाऊबंद चार दिशांना पांगले. गावाशेजारची देवीची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. तेच हे बेट. आता तिथं दर रविवारी गाईडसकट बस जाते, हे कळल्यापासून आत्याबाईंनी माझ्या मागं टुमणं लावलं होतं. त्यांच्या लेकाला, म्हणजे आमच्या ह्यांना, सुट्टी नव्हती. निदान ह्यांचं म्हणणं तसं होतं.

शेजारच्या नलूताईंना सोबत घेतलं. सकाळी सहाला आम्ही तिघी अंगणात आलो, तशा आत्याबाई थबकल्या. खाली वाकून तुळशीजवळचा एक खडा उचलला आणि माझ्या पर्समध्ये टाकला.

"हे काय?" मी म्हणाले.

"तिघीजणी निघालो ना आपण. तिघांनी जायचं न्हाई. ह्यो चौथा."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. आमच्याकडं तीन माणसं मिळून कामाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर एक खडा नाहीतर सुपारी बरोबर घेतात, त्याला माणूस धरतात आणि काम झालं की तिथंच ठेवून येतात. पण सकाळी सकाळी माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"आत्याबाई, खडा धरून चार कसे होतील? माणसं तीन ती तीनच."

"तुझं गणित तू शाळेत शिकव," त्या म्हणाल्या. "चल जल्दी, गाडी जाईल."

बसमध्ये चोवीस जण होतो. गाईड म्हणजे देवीदास सर, एका शाळेत भूगोल शिकवणारे, रविवारी हातात माईक घेणारे. माणूस हौशी. डावीकडं बघा, उजवीकडं बघा, करता करता कुंभार पिंपळगावपर्यंत त्यांनी आमच्या माना दुखवल्या. तिथं चहा झाला. बाहेर ज्वारी काढून झालेली रानं, मध्येच हिरवा ऊस, उसाच्या ट्रॉल्या. बाकीची मंडळी भेंड्या खेळत होती. मी मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघत होते. आत्याबाई खिडकीला नाक लावून गप्प बसल्या होत्या. बाई एरवी मिनिटभर गप्प बसत नाही, त्यामुळं त्यांचं ते गप्प बसणंही मला आवडेना.

काठावर

एक वळण घेतलं आणि समोर पाणीच पाणी. आमच्याकडं पाणी म्हणजे आठ दिवसांनी येणारा नळ. इथं ते असं मोकाट पसरलेलं, पलीकडचा काठ दिसत नाही. मध्ये दूर एक टेकडी आणि तिच्यावर पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे देऊळ.

काठावर मासे वाळत घातले होते आणि तेवढ्या वासानंच नलूताईंनी पदर नाकाला लावला. नावाड्याचं नाव रंगनाथ. पन्नाशीचा, शिडशिडीत. त्याच्या इंजिनाच्या होडीत दहापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत असा नियम होता. म्हणून दहा, दहा आणि चार अशा तीन फेऱ्या ठरल्या. केशरी जाकिटं वाटली. माझ्या जाकिटाचा एक पट्टा तुटलेला होता. मी तो दाखवला, तर रंगनाथ म्हणाला, "बाई, ते निस्तं दाखवायला हाय. आजवर कुणी पडलं न्हाई."

ह्यानं मला बिलकुल धीर आला नाही.

होडी सुटली. मी दोन्ही हातांनी फळी धरली आणि पायांकडं बघत बसले. आत्याबाईंनी मात्र हात पाण्यात सोडला होता, लहान मुलीसारखा.

"हितं वेस व्हती," मध्येच त्या म्हणाल्या. "हितून आत गेलं की मारुतीचा पार. मंग आमची गल्ली."

"कुठं?" नलूताईंनी विचारलं.

"खाली."

मी पाय उचलून फळीवर घेतले. इतका वेळ मला फक्त पाण्याची भीती वाटत होती. आता पाण्याखाली घरं आहेत, पार आहे, गल्ली आहे आणि आपण त्यांच्या डोक्यावरून फटफट करत चाललो आहोत, हे मनात बसलं ते निघेना. मी डोळे मिटले आणि सतराचा पाढा म्हणायला लागले. पंधरा मिनिटांत तो अकरा वेळा झाला.

बेटावर

बेट छान आहे हो. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर देवीदास सर रागावतील. कडुलिंबाची झाडं, वर जायला दगडी पायवाट, छोटंसं देऊळ, आणि चारी बाजूंनी पाण्यावर उतरलेले पाणपक्षी. सरांनी प्रत्येकाचं नाव सांगितलं. मला एकही आठवत नाही, कारण माझं लक्ष परत कधी निघायचं ह्याच्यावर होतं.

देवळात गेल्यावर आत्याबाईंनी माझ्या पर्समधला खडा मागून घेतला आणि पायरीशी ठेवला.

"पोचवलंस. ऱ्हा आता हितं," त्या खड्याला म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेवण लिंबाखाली. काठावरच्या बायकांनी करून पाठवलेली बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लसणाचं असलं जहाल तिखट की सरांचा माईक बंद पडला. आत्याबाईंनी घरून दशम्या आणल्या होत्या. त्या देवीला ठेवल्या आणि उरलेल्या सगळ्यांना वाटल्या. आमच्याकडं लेक माहेराहून निघताना तिला शिदोरी बांधून देतात. इथं लेकच शिदोरी घेऊन आली होती, कारण बांधून द्यायला कुणी उरलं नव्हतं. हे मला आत्ता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा मी आकाशाकडं बघत होते.

चारच्या सुमाराला वारा सुटला. पाण्यावर आधी सुरकुत्या आल्या आणि मग लाटा. काठावर बांधलेली होडी दगडावर आपटायला लागली. सरांनी घाई केली. त्यातच बसच्या ड्रायव्हरचा फोन आला की चाक काठावरच्या गाळात रुतलं आहे. "पहिल्या दहा जणांनी चला," सर म्हणाले, "वारा वाढायच्या आत तिन्ही फेऱ्या करू."

आत्याबाईंची देवीची ओटी भरायची राहिली होती. देवळात बायकांची रांग होती.

"चला आत्याबाई," मी म्हणाले. "राहू द्या आता."

"एवढं आले आन् ओटी न भरता जाऊ? तू व्हय पुढं. तुझा जीव कासावीस होऊन राह्यला, दिसतंय मला. मी येते नलूसंगं." मग त्यांनी कमरेचा बटवा काढला, मोबाईल काढला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "हे तुझ्यापाशी ठेव. मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत."

आणि मी गेले. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला, जिला उजव्या कानानं कमी ऐकू येतं तिला, मी मागं ठेवलं आणि पहिल्या होडीत सगळ्यात आधी जाऊन बसले. पुष्कळांना मी सांगितलं की सरांनीच मला पहिल्या होडीत घातलं. ते खोटं आहे. मी भ्याले होते म्हणून गेले.

पुन्हा काठावर

जमिनीला पाय लागले आणि माझा चेहरा उजळला असणार, कारण चहावाल्यानं न विचारता कप पुढं केला. दुसरी होडी आली. तिच्यातून देवीदास सरही आले, कारण बस काढायला माणसं जमवायची होती. खरं तर त्यांनी शेवटच्या होडीतून यायचं असतं.

मी दुसऱ्या होडीतल्यांचे चेहरे बघितले. आत्याबाई नव्हत्या. बरोबरच होतं, त्या नलूताईंबरोबर शेवटी येणार होत्या. सरांनी रंगनाथला सांगितलं, "आता चौघं राहिलेत. चौघांना आण, झालं."

तो गेला. आम्ही बसला धक्के दिले. वारा वाढला होता, सूर्य पाण्यावर टेकायला आला होता. अर्ध्या तासानं होडी दिसली. सर काठावर जाऊन ओरडले, "किती?"

इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून रंगनाथनं हात वर करून चार बोटं दाखवली.

सरांनी हातातल्या कागदावर खूण केली. मीही ती चार बोटं पाहिली आणि दुसरा चहा मागवला. गणित शिकवणारी बाई मी. पोरांना रोज सांगते की उत्तर आलं तरी ताळा करून बघा. मी ताळा केला नाही.

होडी टेकली. आधी नलूताई उतरल्या. मग आमच्या बसमधलं एक जोडपं उतरलं. नंतर कुणीच उतरलं नाही.

"आत्याबाई कुठं आहेत?" मी म्हणाले.

नलूताईंनी मागं वळून होडीकडं बघितलं. "तुझ्यासंगं न्हाईत का? मी ओटीच्या रांगेत व्हते, तवा त्या खाली उतरून गेल्त्या. मला वाटलं, दुसऱ्या होडीनं आल्या."

"रंगनाथ, चार म्हणालात ना तुम्ही?"

"चारच आणले की." त्यानं होडीत बोट दाखवलं. फळीवर, माणसाच्या जागी, नारळाएवढा एक दगड ठेवला होता. "तिघंच व्हते बाई. तिघांना घेऊन होडी सोडत न्हाईत आमच्यात. नावाडी धरत न्हाईत, चौथा दगड घेतो. आन् होडीत तीन म्हणायचं बी न्हाई, चारच म्हणायचं."

"अरे, पण मी चौघं सांगितले होते!" सर ओरडले.

"मला वाटलं, तुम्ही दगड धरून सांगितलं. मागं बी सांगितलंय तुम्ही तसं."

सरांनी हातातला कागद खाली घेतला. त्यांनी मागं तसं सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मला त्या दगडाकडं बघवेना. सकाळी मीच म्हणाले होते की माणसं तीन ती तीनच. आणि तरी त्या चार बोटांवर मी दोन कप चहा प्याले होते. मग हाताला पर्समधला बटवा लागला. मोबाईल लागला. बाईनं जवळचं सगळं काढून माझ्या हातात दिलं होतं. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, म्हणाल्या होत्या. कशाला? दिवसभर गप्प का होत्या? खाली गल्ली आहे, असं म्हणाल्या होत्या. माझ्या मनात जे आलं ते मी अजून कुणापाशी बोलले नाही, आज लिहिते. मला वाटलं, त्या माहेरी गेल्या.

रंगनाथनं दगड उचलून काठावर टाकला. "मी आणतो जाऊन," तो म्हणाला. "थांबा तुम्ही."

"मी येते," मी म्हणाले. कोण बोललं ते मलाच क्षणभर कळलं नाही.

पुन्हा पाण्यावर

होडीत सर आणि मी. पट्टा तुटलेलं तेच जाकीट माझ्या वाट्याला आलं आणि ह्या खेपेला मी ते कुणाला दाखवलं नाही. लाटा फळीवरून आत येत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. मला डोळे मिटता येईनात, कारण मी पाण्यावर बघत होते. काही तरंगताना दिसतं का, ते बघत होते. हिरवं लुगडं होतं त्यांचं. लांब एक हिरवं काही दिसलं आणि मी ओरडले. शेवाळाचा पुंजका होता. पाढा आठवेना. तोंडात एकच, आत्याबाई, आत्याबाई.

बेटावर अंधारायला लागलं होतं. आम्ही हाका मारत वर गेलो. देऊळ रिकामं. देवीपुढं त्यांचा खण, नारळ, तांदूळ, सगळं नीट भरलेलं. पायरीशी सकाळचा खडा तसाच. लिंबाखाली कुणी नाही. सर एका बाजूनं ओरडत होते, मी दुसऱ्या. वाऱ्यात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती, त्यांना काय येणार?

"बाई, तिकडं बघा," रंगनाथ म्हणाला. "पाणी वसरलंय औंदा. जुन्या गावाच्या पायऱ्या उघड्या पडल्यात."

पायवाटेला मध्येच एक फाटा फुटत होता. उजवीकडं होडीचा काठ, डावीकडं दगडी पायऱ्या, सरळ पाण्यात उतरणाऱ्या. देवळातून गावाकडं जायची ती जुनी वाट. सगळ्यात खालच्या पायरीवर, घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडून, आत्याबाई बसल्या होत्या. पाठ आमच्याकडं. हलत नव्हत्या.

मी कशी उतरले ते आठवत नाही. शेवाळावरून पाय घसरला, गुडघा फुटला, आणि मी कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून त्यांचे खांदे धरले. त्या दचकल्या.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. हात बर्फासारखे गार होते. "जरा पायऱ्या बघून यावं म्हणून उतरले आन् पाय मुरगळला. उठताच येईना. होडी जाताना दिसली मला. लई वरडले. इंजिनात कुणाला ऐकू जातंय?"

"तुम्ही घाबरला नाहीत?" मी रडत होते.

"घाबरले की. लई घाबरले. मंग म्हणलं, आपली सुनंदा हाय तिकडं. गणिताची मास्तरीण. ती मोजल."

मला त्यांच्याकडं बघता येईना.

"मी मोजलं नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "मी भ्याले होते म्हणून पुढं निघून आले, आणि मोजलंसुद्धा नाही."

त्यांनी गार हातानं माझं तोंड पुसलं. "पाण्यात उभी हायस तू," त्या म्हणाल्या. "कळलं का तुला?"

मला ते खरंच कळलं नव्हतं.

रंगनाथनं त्यांना पाठुंगळी घेऊन होडीत आणलं. आम्ही बसलो. त्यानं दोरी सोडायला हात घातला आणि थांबला. आमच्याकडं बघितलं. सर, मी, आत्याबाई. त्याची चुळबुळ मला कळली. त्याचा दगड तर पलीकडच्या काठावर पडला होता. तो इकडंतिकडं बघायला लागला, पण आजच्या प्रकारानंतर दगड उचलायची त्याला लाज वाटत असावी.

आत्याबाईंनी कनवटीतून काहीतरी काढलं आणि फळीवर ठेवलं. हाताच्या तळव्यात मावेल असा काळा, गुळगुळीत दगड. पाण्याखालच्या पायरीवरून उचललेला.

"ह्यो घे तुझा चौथा," त्या म्हणाल्या. "आमच्या गावचा हाय. सोड आता."

परतताना मी डोळे मिटले नाहीत. भीती होतीच, ती काही कुठं गेली नाही. पण माझ्या दोन्ही हातांत आत्याबाईंचा हात होता, त्यामुळं फळी धरायला हातच उरला नव्हता.

काठावर, शेवटचं

सगळी बस खाली उतरून उभी होती. कुणी शाल दिली, कुणी चहा आणला. नलूताई आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. रंगनाथ होडी बांधून आला आणि हात जोडून उभा राहिला. आत्याबाईंच्या मुठीत अजून तो दगड होता, ते त्यानं पाहिलं.

"आजी, ठेवा आता त्याला हितंच," तो म्हणाला. "पोचलो आपण. तशी रीत हाय."

"रीत मला ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पर न्हाई ठेवायची. मागं ऱ्हायलं की कसं वाटतं, ते म्या आज बघितलं."

त्यानं जोडलेले हात कपाळाला लावले.

बसमध्ये चढल्यावर देवीदास सरांनी माणसं मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली, मग कागद काढून नावं वाचली. "चोवीस," ते म्हणाले, आणि तरी निघायचं सांगायला त्यांची जीभ धजेना. माझ्याकडं बघत राहिले.

मी उठले. मागच्या सीटपासून एकेकाच्या खांद्याला हात लावत, तोंडानं आकडे म्हणत पुढं आले. कुणी हसलं नाही. स्वतःलाही मोजलं. शेवटी आत्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, चोवीस. त्यांनी माझ्याकडं वर बघितलं आणि मांडीवरची मूठ उघडली.

"पंचवीस," मी म्हणाले. "चला, निघू या."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.